कंबरदुखीसाठी व्हीआर: सुरुवात कशी करावी

दादा, व्हीआरचा हेडसेट (डोळ्यांवर लावून आभासी जग दाखवणारं यंत्र) आणल्या आणल्या अर्धा तास लावून बसू नका. पहिला आठवडा दिवसातून एकदा, ५-६ मिनिटं पुरे. न फिरणाऱ्या खुर्चीत पाठ टेकून बसा. श्वासाचा कार्यक्रम निवडा. ज्यात दृश्य आपोआप पुढे सरकतं ते कार्यक्रम टाळा. डोळ्यांना हालचाल दिसते, कानातल्या तोलाच्या इंद्रियाला ती जाणवत नाही, म्हणून मळमळतं. मळमळायला लागलं की लगेच काढा, रेटू नका.

मान भरून येत असेल तर वजन बघा. क्वेस्ट ३ हा मेटा कंपनीचा हेडसेट पाचशे ग्रॅमच्या वर आहे आणि बहुतेक भार पुढे. मागचा पट्टा डोक्याच्या फुगवट्याखाली बसवा, वरच्या पट्ट्याने भार उचला. बाजूचे आवळले तर कपाळ ठणकतं. नाशिकच्या डिसेंबरात गार भिंगांवर वाफ धरते. हेडसेट आधी उबदार खोलीत ठेवा. उन्हात मात्र कधीच नाही, भिंगातून ऊन शिरलं की पडदा जळतो.

अमेरिकेत एफडीएने (औषधं-उपकरणांना मंजुरी देणारी सरकारी संस्था) २०२१ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी परवानगी दिलेला व्हीआर कार्यक्रमही ८ आठवड्यांचा आहे, तेव्हा चार दिवसांत निकाल लावू नका. गोळ्या, व्यायाम चालूच ठेवा. फिट येत असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.