उपकरप्राप्त चाळीच्या पुनर्विकासात 'टिकाऊ विकास' कायद्याने बंधनकारक आहे का?

तुमची गिरगावातली १९४० च्या आधीची उपकरप्राप्त (जिच्या दुरुस्तीसाठी उपकर भरला जातो अशी) चाळ, बिल्डरने वाटलेलं टॉवरचं रंगीत पुस्तक आणि त्यातल्या 'ग्रीन'पैकी किती गोष्टी कायद्याने करायलाच लागतात, हा तुमचा प्रश्न. मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात पंधरा वर्षं अशाच फायली पालिका आणि म्हाडा यांच्यात फिरवतोय, आणि त्याआधी चाळीतच वाढलोय. तेव्हा दोन्हीकडचं सांगतो.

पावसाचं पाणी जिरवणं, सोलर वगैरे नियमात आहे आणि बिल्डर ते करतोही. टॉवरच्या खर्चात ते चिल्लर असतं. बांधकाम २०,००० चौरस मीटरच्या वर गेलं की २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी लागते. पण घरात दिवसा दिवा लावावा लागेल की नाही, हे यातल्या कशानेच ठरत नाही. ते ठरतं ३३(७) मध्ये, म्हणजे उपकरप्राप्त इमारतींच्या विकास नियंत्रण नियमात.

त्याचं गणित असं. भूखंडावर ३ एफएसआय (म्हणजे जमिनीच्या तिप्पट बांधकाम), किंवा भाडेकरूंच्या पुनर्वसनाला लागेल तेवढा एफएसआय आणि शिवाय प्रोत्साहनपर एफएसआय, म्हणजे बिल्डरला विकायला मिळणारं बांधकाम, यातलं जे जास्त ते. प्रत्येक निवासी भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा. आता तुमच्या चाळीसारखी दाटीची जागा घ्या. भाडेकरू जेवढे जास्त, तेवढं पुनर्वसन जास्त, त्याच्या प्रमाणात विक्रीचं बांधकामही जास्त. म्हणजे आधीच दाटलेल्या प्लॉटवर नियम सर्वांत जास्त मजले चढवतो. भूखंड मात्र तेवढाच राहतो. मग चारी बाजूंनी सोडायची जागा पुरत नाही, आणि प्रीमियम, म्हणजे जादा शुल्क, भरून ती कमी सोडायची सवलत बिल्डरला मिळते. प्रीमियम जातो सरकारी तिजोरीत, आणि त्या बदल्यात गेलेला उजेड असतो तुमच्या स्वयंपाकघराचा. माझ्या मते या नियमातली सर्वांत वाईट गोष्ट हीच. बेकायदेशीर त्यात काहीच नाही.

नियमात एक शहाणपणाची गोष्टही आहे आणि तिच्याकडे कोणी बघत नाही. एकट्या भूखंडाला प्रोत्साहनपर एफएसआय पुनर्वसनाच्या ५० टक्के, दोन ते पाच भूखंड एकत्र आले तर ६०, सहा किंवा जास्त असतील तर ७० टक्के. प्लॉट जोडले की मधल्या भिंती जातात, चार अरुंद बोळांऐवजी एक नीट अंगण निघतं, इमारती एकमेकींपासून लांब सरकवता येतात. भेंडीबाजारात साडेसोळा एकरांचा समूह विकास याच विचाराचं मोठं रूप आहे, तिथे समूह विकासाचा ३३(९) हा नियम लागू आहे. तुम्हाला एवढ्या मोठ्या उडीची गरज नाही. शेजारच्या दोन चाळी आल्या तरी नकाशा बदलतो. अडचण कायद्याची नसते, मालकांची असते. माझ्या हातातली एक योजना फक्त यासाठी मोडली की दोन मालकांच्या आजोबांचं पाण्याच्या टाकीवरून वैर होतं. शेवटी दोन सडपातळ टॉवर उभे राहिले, एकाच्या खिडकीतून दुसऱ्याची भांडी मोजता येतात.

नियमातला एक शब्द किती महाग पडतो, ते गिरण्यांच्या जमिनींत दिसलं. १९९१ च्या नियमाने त्या जमिनीचे तीन वाटे ठरवले होते: पालिकेला मोकळ्या जागेसाठी, म्हाडाला घरांसाठी आणि मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या जमिनीची करायची ठरवली. गिरणीची शेड उभी असेल तर तिच्याखालची जमीन हिशोबातूनच गेली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली.

म्हणून तुम्ही पुस्तकातली झाडं बघत बसू नका. संमती ५१ टक्क्यांची लागते आणि ती एकदा दिली की मागे घेता येत नाही, तेव्हा सही करण्याआधीच जे विचारायचं ते विचारा. पुनर्वसनाच्या इमारतीचा आणि विक्रीच्या टॉवरचा एकत्र छेद मागा, म्हणजे उभा कापलेला नकाशा. दोघांत अंतर किती, विक्रीच्या टॉवरची सावली कोणावर, हे त्यात कळतं. पोडियमवर, म्हणजे टॉवरखालच्या पसरट चौथऱ्यात, पार्किंगचे किती मजले, तेही बघा. आमच्या चाळीत सगळ्यांच्या मिळून दोन स्कूटर होत्या, आणि नव्या इमारतीत रस्त्यालगतचे पाच मजले गाड्यांचे झाले. ओटा, गॅलरी, खालचं दुकान, येणाऱ्याजाणाऱ्यावर असलेली नजर, सगळं त्या पाच मजल्यांनी खाल्लं. करमणुकीची मोकळी जागा जमिनीवरच दाखवा असा आग्रह धरा. पोडियमवरची बाग तिच्या जागी चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये कोहिनूर सीटीएनएल या बिल्डर कंपनीच्या प्रकरणात म्हटलं होतं. आणि कॉर्पसच्या, म्हणजे बिल्डर देखभालीसाठी देतो त्या एकरकमी निधीच्या, आकड्यावर खूश होण्याआधी लिफ्ट, पंप, आग विझवण्याची यंत्रणा यांचा दरमहाचा खर्च कोणाच्या माथी, ते करारात लिहून घ्या. निवृत्त माणसं पुनर्विकासानंतर घर विकून निघून जातात, त्यामागे हा मेंटेनन्स असतो.

सभेला जाताना मोजपट्टी घेऊन जा. नकाशात 'डक्ट' (पाइप आणि हवेसाठी सोडलेली उभी पोकळी) लिहिलेलं दिसलं की त्यावर ठेवून रुंदी मोजा. माझ्या मावशीच्या नव्या घरात स्वयंपाकघराची खिडकी चार फुटांच्या डक्टमध्ये उघडते. भर दुपारी ती ट्यूब लावून तांदूळ निवडते.