सीपीयूचा फॅन बंद पडला तर प्रोसेसर जळतो का?

तुम्ही विचारलंय की फॅन फिरत नाही, पीसी चालू केला की चार-पाच मिनिटांत खटकन बंद पडतो, तर प्रोसेसर गेला का. गेला असता तर चालूच झाला नसता. बंद पडतोय म्हणजे तो स्वतःला वाचवतोय, फक्त तुम्ही परत परत बटण दाबून बघू नका एवढं पहिलं ऐका.

मी अकोल्यात रिपेअरिंगचं काम करतो, मे महिन्यात हीच तक्रार घेऊन रोज कोणीतरी येतं, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

प्रोसेसरच्या चिपमध्येच, अगदी कोअरच्या, म्हणजे प्रत्यक्ष काम करणाऱ्या भागाच्या शेजारी, तापमान मोजायची सोय असते. डायोड नावाचा साधा इलेक्ट्रॉनिक भाग घ्या, तो एक डिग्री तापला की त्याच्यावरचा व्होल्टेज साधारण २ मिलिव्होल्टनी उतरतो, त्यावरून किती तापलंय ते कळतं. आता फॅन थांबला तरी वरचा हीटसिंक, म्हणजे धातूचा पात्यापात्यांचा ठोकळा, थोडा वेळ उष्णता पिऊन घेतो म्हणून तुम्हाला चार-पाच मिनिटं मिळतात. हीटसिंक नीट टेकलेलाच नसेल तर मात्र काही सेकंदांत काटा १०० कडे जातो.

मर्यादा प्रत्येक चिपची वेगळी, इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरना १०० डिग्री, एएमडी कंपनीच्या रायझन ७००० ला ९५. तिथं पोचला की आधी स्पीड आणि व्होल्टेज दोन्ही खाली येतात, आणि खरी गंमत व्होल्टेजमध्ये आहे, कारण उष्णता स्पीडच्या प्रमाणात वाढते पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणजे ४ गिगाहर्ट्झचे २ केले आणि १.२ व्होल्टचे ०.९ केले तर चालण्यामुळे होणारी उष्णता २८ टक्क्यांवर येते, काम मात्र निम्मं चालू राहतं. मला ही युक्ती फार आवडते. त्यानंही भागलं नाही तर क्लॉक, म्हणजे प्रोसेसरला ताल देणारा ठोका, मध्येमध्ये चक्क थांबवतात, थोडा वेळ चालू थोडा वेळ बंद. आणि तरीही तापतच राहिला, साधारण १२५-१३० च्या आसपास गेला, की चिपमधून थर्मट्रिप नावाचा सिग्नल निघतो आणि मदरबोर्डनं अर्ध्या सेकंदात प्रोसेसरची वीज तोडायची असते. यात विंडोजला कोणी विचारत नाही, सेव्ह करू का वगैरे काही नाही, सरळ अंधार. विंडोज हँग झालेलं असलं तरी हे चालतं, म्हणूनच ते भरवशाचं आहे.

पूर्वी असं नव्हतं. २००१ मध्ये एका हार्डवेअर साइटवाल्यांनी गेम चालू असताना हीटसिंक उचलून बघितला होता, इंटेलचा पेंटियम ४ नुसता हळू झाला आणि हीटसिंक परत ठेवल्यावर पळायला लागला, पण एएमडीचा १.४ गिगाहर्ट्झचा अॅथलॉन धूर काढून कायमचा गेला कारण त्या चिपमध्ये तापमान बघणारं काहीच नव्हतं. लोकांच्या मनात "फॅन गेला की प्रोसेसर जळतो" हे बसलंय ते त्या काळाचं.

पण माझं खरं सांगणं वेगळंच आहे. बंद पडणारा पीसी लोक माझ्याकडे आणतात, हळू झालेला आणत नाहीत. तो हळू होतो तेव्हा घरी आधी फॉरमॅट मारतात, मग रॅम वाढवतात, कोणी एसएसडी टाकतात, आणि तो बिचारा आत ९९ डिग्रीवर दम खात चाललेला असतो. गेल्या उन्हाळ्यात एका मुलाचा पीसी आला, दोनदा फॉरमॅट झालेला, फॅन मस्त फिरत होता. मी नुसता बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन तापमानाच्या आकड्याकडे बघत बसलो, ६८, ७९, ८८, ९६. काही न करता! कूलरला बोट लावलं तर तो डुगडुगला, प्लॅस्टिकच्या चार पिनांपैकी एक बोर्डातून निसटलेली, एक कोपरा केसभर वर उचललेला, आणि प्रोसेसर-हीटसिंकच्या मधे उष्णता पोचवायला लावलेली पेस्ट वाळून खडूच्या भुकटीसारखी. पेस्ट पुसून नवी लावली, पिना समोरासमोरच्या जोडीनं दाबल्या, बायोसमध्ये आकडा ४३ ला येऊन थांबला. त्याच्या आईनी रॅमचे पैसे भरले होते त्याचं मला फार वाईट वाटलं.

तुमच्या बाबतीत, आधी स्विच बंद करून प्लग काढा, फॅनची वायर सीपीयू फॅन लिहिलेल्या पिनांवरच आहे का बघा, पात्यात कुठली वायर अडकलीये का बघा, धूळ ब्रशनं काढा. बोटानं फिरवल्यावर फॅन घरघरत थांबत असेल तर तेल सोडण्यात वेळ घालवू नका, नवीन घ्या. बायोसमध्ये फॅनची एरर येते ती काही लोक सेटिंगमधून बंद करून टाकतात, ते कृपा करून करू नका. आणि टेबल फॅन लावून दिवस काढणाऱ्यांना सांगतो, प्रोसेसर स्वतःला वाचवेल, पण शेजारी बोर्डावर जे कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे भाग, आहेत त्यांना असली अक्कल दिलेली नाही, ते रोज तापून तापून फुगतात आणि मग बोर्डच बदलावा लागतो.

फॅन बदलून झाल्यावर बायोसमध्ये दहा मिनिटं बसा आणि आकडा कुठं थांबतो ते इथं लिहा, मी बघतो.