'ओक्लाहोमा'तला ओक्ला

प्रश्न असा आला आहे : अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्याच्या नावाचा अर्थ 'तांबड्या मातीचा प्रदेश' का? आणि त्यातला 'ओक्ला' म्हणजे आपलाच 'लोक' उलटा झालेला का?

दुसऱ्या शंकेचे उत्तर आधी : नाही. हे नाव चॉक्टॉ या अमेरिकेतल्या मूलनिवासी जमातीच्या भाषेतले आहे. चॉक्टॉ ही मस्कोगी कुळातली भाषा, संस्कृतशी तिचा काडीचा संबंध नाही. अक्षरे उलटसुलट करून भाषांची नाती जुळवण्याची खोड आता सुटायला हवी. मातीचा अर्थ मात्र सामान्यज्ञानाच्या पुस्तकांतून इतका फिरतो की ऐकून ऐकून वैताग येतो. तिथली माती पुष्कळ ठिकाणी तांबडी आहे, हे खरे. नावात ती नाही. 'ओक्ला' म्हणजे लोक, 'होम्मा' म्हणजे तांबडा. चॉक्टॉत विशेषण नामानंतर येते.

हे नाव सुचवले ॲलन राइट यांनी. १८२६ साली मिसिसिपीत जन्मलेला हा चॉक्टॉ मुलगा. अमेरिकी सरकारशी झालेल्या १८३० च्या तहाने तिथली भूमी गेली आणि लहानपणीच त्याला पश्चिमेला इंडियन टेरिटरीत, म्हणजे मूलनिवासी जमातींसाठी राखलेल्या प्रदेशात, यावे लागले. पुढे न्यूयॉर्कला धर्मशास्त्र शिकून ते प्रेस्बिटेरियन पाद्री झाले आणि १८६६ ते १८७० चॉक्टॉ राष्ट्राचे मुख्य प्रमुख होते. बायबलमधली स्तोत्रे त्यांनी थेट हिब्रूवरून चॉक्टॉत आणली, १८८० मध्ये चॉक्टॉ शब्दांचा इंग्रजी अर्थ देणारा कोश काढला. शब्द तोलूनमापून वापरणारा माणूस होता हा.

म्हणून 'राइटनी इंग्रजीतल्या रेड मॅनचे (मूलनिवाशांना गोरे म्हणत त्या शब्दाचे) भाषांतर करून दिले, बास' असे जे जाणकार एका ओळीत उरकतात, त्यांचे म्हणणे मला अपुरे वाटते. मिसिसिपीतल्या चॉक्टॉंच्या जुन्या विभागांची नावे त्यांनी पाहावीत : ओक्ला फलाया, म्हणजे लांब लोक, ओक्ला हन्नाली, म्हणजे सहा लोक. आधी 'ओक्ला', मग त्याचे विशेषण. ओक्ला होम्मा अगदी याच साच्यातले आहे. माझे मत स्पष्ट आहे : अर्थ इंग्रजीतून आला असेल, घडण मात्र हिरावलेल्या मायभूमीतली आहे. चॉक्टॉत 'ओक्ला' क्रियापदाआधी येऊन 'कर्ते अनेक आहेत' एवढेही सांगतो. अनेकपण असे व्याकरणातच मुरलेला शब्द राजकीय नावासाठी मिळावा, याचा मला फार आनंद वाटतो.

आणि नाव राजकीयच होते. अमेरिकेतल्या यादवी युद्धात चॉक्टॉ राष्ट्र दक्षिणेकडच्या बंडखोर राज्यांच्या बाजूने राहिले, म्हणून १८६६ च्या एप्रिलमध्ये वॉशिंग्टनला नवा तह करावा लागला. वाटाघाटींत राइट होते. तहाच्या आठव्या कलमात इंडियन टेरिटरीतल्या सर्व राष्ट्रांच्या प्रतिनिधींची एक परिषद योजली आहे आणि तिथल्या कार्यकारी प्रमुखाला पदवी दिली आहे 'ओक्लाहोमा प्रदेशाचा गव्हर्नर'. मातीचा रंग सांगायला कुणी तहात कलम घालत नाही.

ती योजना कागदावरच राहिली. राइट १८८५ मध्ये वारले. १८८९ मध्ये इंडियन टेरिटरीच्या मधला भाग गोऱ्या वसाहतकारांना खुला झाला आणि १८९० मध्ये 'ओक्लाहोमा टेरिटरी' हे नाव काँग्रेसने त्यांच्या वसाहतीला दिले. चॉक्टॉंची भूमी त्या नावाबाहेर राहिली, ती १९०७ मध्ये दोन्ही प्रदेशांचे एक राज्य होईपर्यंत.