हाय स्ट्रेंथ स्टील वापरलं तर आगीत शेड जास्त वेळ टिकेल का?

तुम्ही विचारलंय की गोडाऊनच्या शेडला नेहमीच्या ई२५० ऐवजी जास्त ताकदीचं ई४५० ग्रेडचं स्टील घेतलं तर आगीत ते जास्त तग धरेल का. नाही धरणार, उलट जास्त जपावं लागेल, आणि त्याचं मोठं कारण म्हणजे क्रीप, म्हणजे भार तोच असूनही हळूहळू ताणत-वाकत जाणं.

माळ्यावरच्या लाकडी फळीवर पुस्तकांचे गठ्ठे ठेवले की वजन तेवढंच राहतं पण फळी वर्षानुवर्षं थोडी थोडी वाकत जाते ना, तसंच. स्टील एरवी असं करत नाही, पण साधारण ४०० डिग्रीच्या वर गेलं की हे सुरू होतं, आणि आगीत वर्षं नाही, मिनिटं पुरतात.

एम.टेक.ला असताना मी ही टेस्ट केलीय. भट्टीत सॅम्पल लावायचं, थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) तारेने बांधायचं, ६०० डिग्री झाले की लोड द्यायचा आणि नुसतं बघत बसायचं. लोड तोच, तापमान तेच, तरी सॅम्पल किती ताणलं त्याचं रीडिंग सरकतंय, आधी भरभर, मग बराच वेळ संथ, आणि शेवटी एकदम वेग घेतं, सॅम्पल मधेच बारीक होतं आणि तुटतं. तेव्हा मला खरं कळलं की ताकद किती उरली एवढं विचारून भागत नाही, किती वेळ हेही विचारावंच लागतं. आपल्या आयएस ८०० (स्टीलच्या बांधकामाचं भारतीय मानक) मधलं सूत्र (९०५ वजा तापमान, भागिले ६९०) ६०० डिग्रीला यील्ड स्ट्रेंथ (ज्या ताणानंतर स्टील कायमचं वाकतं ती ताकद) ४४ टक्के उरते असं सांगतं, पण त्यात वेळ कुठेच येत नाही.

आता तुमचा ई४५०. सेक्शन (म्हणजे बीम-कॉलमचा तुकडा) हलका निघतो म्हणून तर आपण तो घेतो, पण पातळ सेक्शन लवकर तापतो (स्टँडर्ड फायर कर्व्ह, म्हणजे टेस्टसाठी ठरवलेल्या आगीत, भोवतालची हवा अर्ध्या तासात ८४० डिग्रीला जाते), शिवाय त्यातला स्ट्रेस (दर चौरस मिलिमीटरवरचा भार) जास्त, आणि स्ट्रेस थोडा वाढला तरी क्रीपचा वेग कितीतरी पटीने वाढतो. एस६९० सारखे क्वेंच्ड अँड टेम्पर्ड (तापवून झटकन थंड केलेले आणि मग परत बेताने तापवलेले) ग्रेड असतील तर अजून एक गोष्ट, त्यांची ताकद हीट ट्रीटमेंटमधून आलेली असते, टेम्परिंगच्या तापमानाच्या वर गेलं की ती उतरते.

सगळ्यात वाईट कॉलमचं, कारण तो जरा वाकला की मोमेंट (वाकवणारा जोर) वाढतो, त्याने अजून क्रीप, अजून वाकणं. २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरचा उत्तर टॉवर विमान धडकल्यावर १०२ मिनिटं उभा होता, त्याच्या तपासात तापलेल्या कॉलमचा क्रीपसुद्धा हिशोबात घेतला होता.

ई४५० घ्यायचं तर घ्या, पण आगीत फुगणाऱ्या पेंटची जाडी नव्या सेक्शनवर परत काढून घ्या, ई२५० च्या जाड सेक्शनसाठी काढलेली तशीच लावू नका, आणि बजेट कमी पडत असेल तर आधी कॉलम करा.