कळफलकातली कळ कोणती?

प्रश्न असा आहे: ‘कळफलक’ म्हणजे कीबोर्ड, पण या शब्दातली कळ म्हणजे पोटात येते तीच का? तिचं अनेकवचन काय करायचं? आणि शिफ्ट, बॅकस्पेस, एंटर यांना मराठी नावं द्यायला हवीत का?

पोटातली कळ वेगळी. मराठीत कळ निदान तीन प्रकारची आहे. एक दुखण्याची, दुसरी भांडणाची, जी काढली किंवा लावली जाते, आणि तिसरी यंत्राची, जी दाबली किंवा फिरवली की काम सुरू होतं. कळफलकात ही तिसरी आहे. संगणक येण्याच्या कितीतरी आधीपासून ती भाषेत असल्यामुळे हा शब्द घडवलेला असूनही उपरा वाटत नाही.

इंग्रजीत कुलपाची ‘की’ आणि वाद्याची ‘की’ एकच. हिंदीने त्यातली कुलपाची बाजू उचलली आणि ‘कुंजीपटल’ केलं. मराठीने ‘किल्लीफलक’ केलं नाही, याचा मला मनापासून आनंद आहे. कळफलकावर काही उघडायचं नसतं, बोटाने दाबायचं असतं, आणि दाबण्याची क्रिया ‘कळ’ या शब्दात आधीपासूनच आहे. वाद्याच्या बाजूने गेलो असतो तर पेटीतली ‘पट्टी’ मिळाली असती, काळी चार, पांढरी एक म्हणताना असते ती. सगळ्यांत खालच्या लांबलचक स्पेसबारला मात्र मी आजही ‘स्पेसची पट्टी’च म्हणतो, कारण ती दिसतेच तशी. ‘एंटरचं बटण’ हेही सर्रास बोललं जातं आणि त्यात चूक काही नाही. लिहिताना मी कळ पसंत करतो, इतकंच.

अनेकवचन ‘कळा’, विभक्तीत ‘कळेवर’, ‘कळांवर’. ‘कळीवर’, ‘कळींवर’ असंही ऐकू येतं, पण त्यात फुलाची कळी डोकावते, म्हणून मी ते टाळतो.

आता नावांचं. बहुतेक नावं टंकलेखन यंत्रावरून आली आहेत आणि त्या यंत्रात ती शब्दशः खरी होती. 1874 सालच्या रेमिंग्टन यंत्रावर फक्त मोठी इंग्रजी अक्षरं उमटत. 1878 च्या ‘रेमिंग्टन क्रमांक 2’मध्ये एकेका खिळ्यावर, म्हणजे अक्षराच्या ठशावर, दोन अक्षरं आली, आणि दुसरं अक्षर उमटवायला कागदाचा रूळ जागचा सरकवावा लागे. म्हणून शिफ्ट. बॅकस्पेस तर फक्त एक घर मागे नेई, अक्षर पुसत नसे. शब्द अधोरेखित करायचा तर तो आधी टंकायचा, मग घरं मोजत मागे यायचं आणि त्याच्याखाली रेघ उमटवायची. आज ती कळ खोडायचं काम करते, नाव मात्र मागे जाण्याचंच राहिलं. टॅबने रूळ ठरवलेल्या रकान्यावर जाई. रिटर्नने, म्हणजे आजच्या एंटरच्या जागच्या कळेने, तो पुन्हा ओळीच्या सुरुवातीला येई.

म्हणूनच या कळांना ‘सरक’, ‘मागे’ अशी भाषांतरित नावं द्यावीत असं मला वाटत नाही. मूळ हालचालच आता उरलेली नाही. शिवाय कळेवर जे छापलेलं असतं तेच तोंडी बसतं.

पण देवनागरीत शिफ्टने जे नवं काम पत्करलं आहे ते बघण्यासारखं आहे. आपल्या लिपीत लहान-मोठी अक्षरं नाहीत. मग इनस्क्रिप्ट या भारतीय लिपींसाठीच्या कळफलक-रचनेत शिफ्ट धरून क दाबला की ख येतो, ग चा घ, त चा थ, प चा फ. अल्पप्राण अक्षर महाप्राण होतं. वर्णमालेची मांडणीच बोटांखाली येते. मात्रांचंही तसंच: नुसती कळ दाबली की काना, शिफ्टसह तीच कळ दाबली की आ. इथे ‘सरकणं’ हा अर्थ पुन्हा लागू पडतो, फक्त सरकतो तो उच्चार.

ल च्या कळेवर शिफ्टने ळ मिळतो. तेव्हा ‘कळफलक’ हाच शब्द इनस्क्रिप्टमध्ये टंकून पाहा. क, मग शिफ्टसह ल, शिफ्टसह प, मग नुसता ल आणि शेवटी क. पाच अक्षरांचा शब्द, अक्षरांच्या कळा लागतात तीनच: इंग्रजी के, एन आणि एच छापलेल्या.