डॅफोडिल घरात आणताना

फुलं तोडायला कचरू नका. कळी देठाशी वाकली आणि पिवळा रंग दिसू लागला की सकाळी लवकर कापा. फुलदाणीत ती नीट उमलते. कापलेल्या देठातून चिकट रस गळतो, त्याने शेजारचे ट्यूलिप माना टाकतात. म्हणून डॅफोडिल आधी रात्रभर वेगळ्या पाण्यात ठेवा. नंतर देठ पुन्हा कापू नका, रस परत सुटतो. हाताला खाज येत असेल तर हातमोजे घाला.

बागेत सुकलेली फुलं खुडा, पण पानं किमान 6 आठवडे तशीच ठेवा, त्यांच्या गाठी बांधू नका. पुढच्या वर्षीची कळी कंदात त्यांच्याच जोरावर धरते. नुसतीच पानं आली, तर बहुधा कंद उथळ लागलेत किंवा दाटी झाली आहे. पानं वाळल्यावर कंद उकरून वेगळे करा; लावताना खड्डा कंदाच्या उंचीच्या 3 पट खोल हवा.