मॉरिशसला पाच दिवस फक्त बीच रिसॉर्टवरच राहावं का?

तीन दिवस रिसॉर्ट, दोन दिवस बाहेर, असं करा. रिसॉर्ट निवडायचं तर नैऋत्येकडचं ल मॉर्न मला सगळ्यात आवडतं. प्रवाळाच्या कड्यामुळे किनाऱ्याजवळचं पाणी उथळ आणि शांत असतं, मुलांना मनसोक्त डुंबता येतं.

पण खोलीतून दिसणाऱ्या त्या ५५६ मीटर उंच ल मॉर्न डोंगराकडे नुसतं फोटोपुरतं पाहू नका. मालकांकडून पळालेले गुलाम तिथल्या गुहांत आणि माथ्यावर लपून राहत. २००८ पासून तो जागतिक वारसा आहे. पहाटे वाटाड्या घेऊन चढा. शेवटचा टप्पा हातापायांनी चढायचा आहे, चांगले बूट हवेतच.

बाहेरचा दुसरा दिवस राजधानी पोर्ट लुईला. १८३४ पासून भारतातून आलेले लाखो गिरमिटिया, म्हणजे कराराने बांधलेले मजूर जिथे उतरवले गेले, तो आप्रवासी घाट तिथेच आहे. बंदरातून वर येणाऱ्या त्या सोळा दगडी पायऱ्या पाहताना माझे डोळे भरून आले. त्या मजुरांत आपल्याकडचेही लोक होते. त्यांचे वंशज आजही स्वतःला मराठी म्हणवतात, आणि गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. जमलं तर तेव्हाच जा.

जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचा काळ, शक्यतो टाळा. जुलै-ऑगस्टमध्ये पूर्व किनाऱ्यावर वारा फार असतो. बुकिंगमध्ये नाश्ता आणि रात्रीचं जेवण धरा. दुपारी बाहेर ढोल पुरी खा, आपल्या पुरणपोळीची तिखटमिठाची बहीणच ती!